दिल्लीस जातांना काय न्यावें?

प्रवासाची तयारी ही आमच्या घरांत प्रवासापेक्षां मोठी असते. अकरा माणसांच्या घरांतून तीन माणसें जावयाचीं असलीं तरी सल्ला अकराही जणांचा पडतो, आणि ज्यांना जावयाचें नसतें त्यांचा सल्ला अधिक आग्रहाचा असतो. आमच्या थोरल्या वहिनी या खात्याच्या प्रमुख. ट्रंका जाऊन चाकांच्या बॅगा आल्या, वळकटी जाऊन रेल्वेची चादर-उशी आली, तरी निघण्याच्या आदल्या रात्रीं दिवाणखान्यांत सारें सामान मांडावयाचें आणि वहिनींनीं खुर्चीवर बसून एकेका वस्तूचा न्याय करावयाचा, ही पद्धत कायम आहे. कोल्हापुरास किंवा नाशकास जावयाचें तर हा दरबार अर्ध्या तासांत उठतो. दिल्लीच्या वेळीं मात्र दरबाराचा निकाल चुकला, आणि त्या चुकींत सर्वांत मोठा हात आमचा होता. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो, असें आम्ही समजतों.

२०२३ च्या जानेवारींत आम्ही उभयतां मातोश्रींस घेऊन दिल्लीस गेलों. मातोश्रींचें वय तेव्हां एकुणऐंशी. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, १९७० सालीं लग्न होऊन दिल्लीस गेल्या आणि यजमानांच्या सरकारी नोकरीमुळें तेथल्याच झाल्या. करोलबागेंत त्यांचें घर आहे. दोघी बहिणींची भेट नऊ वर्षांत झाली नव्हती. गुडघे दोघींचेही गेलेले. फोनच्या पडद्यावर रोज तोंडें दिसत, पण ‘एकदां हातानें चांचपून पाहूं दे’ हें पालुपद दोन्हीकडून चालूं होतें. आम्हांस रजा मिळाली ती जानेवारींत, म्हणून जानेवारी ठरला.

थंडी म्हणजे काय हें आपणांस ठाऊक आहे, अशी पुणेकराची पक्की समजूत असते. शिवाजीनगरचा पारा दहा अंशांखालीं उतरला कीं वर्तमानपत्रांत मथळे येतात आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर माकडटोप्या दिसूं लागतात. त्या आठवड्यांत दिल्लीचा आंकडा सहा-सात अंशांचा व पुण्याचा दहा-अकरा अंशांचा छापून येत होता. म्हणजे फरक चार अंशांचा. त्याला भ्यावयाचें तें काय, असा हिशेब आम्हीं दरबारापुढें मांडला. तो ऐकून वहिनींसारखी चतुर बाईही फसली. आम्हीं पाहिला होता तो किमान तपमानाचा आंकडा. त्याच्या शेजारींच कमाल तपमानाचा आंकडा छापलेला असतो, त्याकडे कोणीं पाहिलेंच नाहीं.

सारा घोटाळा त्या दुसऱ्या आंकड्यांत आहे. पुण्यास पहांटे दहा अंश असले तरी दुपारीं पारा तिसाच्या आसपास चढतो. दिल्लीस जानेवारीची दुपार सरासरीनें विसाच्या आसपास असते, आणि धुकें उठलेंच नाहीं तर ती पंधराच्याही खालीं राहते. ३० डिसेंबर १९१९ ची नव्हे, अगदीं अलीकडची, ३० डिसेंबर २०१९ ची गोष्ट: सफदरजंगच्या वेधशाळेंत त्या दिवसाचें कमाल तपमान ९.४ अंश नोंदलें गेलें. म्हणजे भर दुपारची दिल्ली पुण्याच्या पहांटेहून गार होती. पुण्याची थंडी ही पाहुणी आहे. दूधवाल्याबरोबर येते आणि कचेरीच्या वेळेस निघून जाते. दिल्लीची थंडी बिऱ्हाड घेऊन राहावयास येते.

याचें उत्तम माप म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. चोवीस अंशांच्या खालीं खोबरेल थिजूं लागतें. पुण्याच्या हिवाळ्यांत सकाळीं थिजलेली बाटली दुपारीं आपोआप वितळते. मावशींच्या घरीं आमची बाटली आठ दिवस दगडासारखी घट्ट होती. रोज गरम पाण्यांत उभी करावी तेव्हां चार थेंब मिळत. दिल्लीस हिवाळ्यांत तिळाचें तेल न्यावें.

समुद्र दूर असला कीं हवा टोकाला जाते, हें शाळेंत आपण सारेच शिकतों. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली आणि १९४४ सालीं पुण्याहून दिल्लीस गेली. शिवाजीनगरच्या त्या जुन्या इमारतीस पुणेकर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. त्या इमारतीवरून आम्ही आठवड्यांतून चारदां जातों, आणि तरीही हवामानाचे दोन आंकडे एकत्र वाचण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं.

असो. दरबारांत मातोश्रींनीं आपल्या दोन वस्तू आणून ठेवल्या: एक धाबळी आणि एक गोधडी. धाबळी सोंवळ्याची, तिला हात लावण्याचें धैर्य कोणासच नव्हतें. ती बॅगेंत गेली. गोधडी पाहून मात्र आम्हांस हंसूं आलें.

“आई, दिल्लींत रजयांना काय तोटा आहे? आपण गोधडी घेऊन गेलों तर मावशीची सून काय म्हणेल?”

“राहूं दे रे. हलकी आहे,” मातोश्री म्हणाल्या.

आम्हीं ती उचलून कांट्यावर ठेवली. तीन किलो भरली. “ही बघ तुझी हलकी!” असें म्हणून आम्हीं ती बाजूला केली. वहिनींनीं एकदां मातोश्रींच्या तोंडाकडे पाहिलें, पण हिशेब आमच्या बाजूस होता. मातोश्री पुढें कांहीं बोलल्या नाहींत. गोधडीच्या जागीं बाकरवडीचीं चार पाकिटें आणि संक्रांत जवळ आली होती म्हणून तिळगुळाचा डबा बसला.

आमची गाडी धुक्यामुळें सात तास उशिरां पोंचली. डबा वातानुकूलित व बंद. त्यांत थंडीचा पत्ता नव्हता. मातोश्रींच्या पायांत चपला, अंगांत एक स्वेटर. बाकीचे लोंकरीचे कपडे मोठ्या बॅगेच्या तळाशीं नीट घड्या करून ठेवलेले. रात्रीं अकरा वाजतां डब्याचें दार उघडलें तेव्हां बाहेर धुनकलेल्या कापसासारखें धुकें होतें आणि फलाटावरचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. त्या गारठ्यांत, हमालांच्या वाटेंत, बॅग जमिनीवर उघडून आम्ही शाल शोधीत होतों. तोपर्यंत मातोश्रींचे दांत वाजूं लागले होते. दुसऱ्या दिवशीं, ८ जानेवारीस, सफदरजंगला किमान तपमान १.९ अंश होतें.

पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारें नव्वद किलोमीटरांवर आहे. १७६० च्या हिवाळ्यांत आपलें सैन्य तेथें दोन-अडीच महिने अडकून पडलें होतें, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी पोटीं लढलें. उपासमारीच्या गोष्टी आम्हीं लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्या उपाशी माणसांच्या अंगावर काय होतें, हा विचार त्या रात्रीं फलाटावर प्रथमच मनांत आला.

दिल्लीचीं जुनीं घरें उन्हाळ्यासाठीं बांधलेलीं आहेत, ही गोष्टही येथें बसून लक्षांत येत नाहीं. उंच छत, मोझेकची फरशी, ऊन आंत येऊं नये अशी रचना. मे महिन्यांत तीच फरशी सुखाची वाटते. जानेवारींत तिच्यावर अनवाणी पाऊल टेकलें कीं कळ मस्तकापर्यंत जाते. बाहेर ऊन असतांनाही घरांत गारठा असतो, म्हणून तेथलीं माणसें दुपारीं गच्चीवर खाटा टाकून बसतात, मटार सोलतात, गाजरें चावतात आणि शेजाऱ्यांशीं गप्पा मारतात. मातोश्रींचा नेम असा कीं, पहांटे पांचास उठून स्नान आणि देवपूजा होईपर्यंत अनवाणी वावरणें. पाणी गरम होतें, पण फरशी गरम नव्हती. तिसऱ्या दिवशीं खोकला लागला, चौथ्या दिवशीं ताप भरला. डॉक्टरांनीं छाती तपासून आठवडाभर खोलीबाहेर जाण्यास मनाई केली. लाल किल्ला, कुतुबमिनार सारें राहिलें. त्याचें मातोश्रींस दुःख नव्हतें; त्या किल्ला पाहावयास आल्याच नव्हत्या. दोघी बहिणी एकाच खोलींत दोन खाटांवर पडून दिवसभर बोलत असत.

एका रात्रीं औषध देण्यासाठीं आम्ही दाराशीं गेलों तेव्हां मातोश्री बोलत होत्या. “तुझ्यासाठीं आईच्या लुगड्यांची गोधडी आणणार होतें. शेवटचीं तीन लुगडीं होतीं ना तिचीं, तीं सारीं तिच्यांत घातलीं आहेत. पण ह्या लोकांच्या बॅगेंत मावली नाहीं.”

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें, “ताई, तें हिरवें, रुईफुली कांठाचें, तेंही आहे त्यांत?”

“आहे तर. मधोमध तेंच आहे.”

आमची आजी वारली तेव्हां मावशींस वेळेवर येतां आलें नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें. ती गोधडी कशाची आहे, हें ठाऊक नव्हतें. आणि ती कोणासाठीं नेत आहेस, असें आम्हीं विचारलेंही नव्हतें. आम्ही औषधाची वाटी घेऊन थोडा वेळ तसेच बाहेर उभे राहिलों. बाकरवडी मात्र मावशींच्या घरीं सर्वांनीं आवडीनें खाल्ली.

आतां पदरमोड करून जें शिकलों तें सांगतों. दिल्लीच्या हिवाळ्यांत एक जाड कपडा कामाचा नाहीं; पातळ कपडे अनेक हवेत. अंगालगत, ज्यांना हल्लीं सारेच थर्मल म्हणतात, तो घट्ट विणीचा सदरा व विजार. त्यावर आपला नेहमींचा पोषाख. त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर. त्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर किंवा कोट. आणि सर्वांवर शाल. सकाळीं सातला हें सारें लागतें. दुपारीं उन्हांत बसलें कीं वरचे दोन उतरवावे लागतात, आणि चारला ऊन कललें कीं पुन्हां एकेक चढवावा लागतो. दोन कपड्यांमध्यें कोंडलेली हवा हीच खरी ऊब धरते. रजईंतला कापूसही तेंच करतो, आणि म्हणूनच दबलेली रजई पुन्हां पिंजून घ्यावी लागते. नऊवारी नेसणाऱ्या वृद्ध बायकांस आंतून लोंकरी विजार घालतां येते. मातोश्रींचा त्यास कडवा विरोध होता. तापाच्या दुसऱ्या दिवशीं तो मावळला. धाबळी तर त्यांच्या अंगावरून आठ दिवस उतरली नाहीं. सोंवळ्यांत लोंकर चालते, ही सोय किती शहाणपणाची आहे हें पुण्याच्या स्वयंपाकघरांत कळत नाहीं.

वृद्धांच्या बाबतींत डोकें, कान आणि पाय यांची काळजी अधिक घ्यावी. कानटोपी, लोंकरी पायमोज्यांचे निदान तीन जोड, बाहेरसाठीं बंद बूट आणि घरांत वापरण्यासाठीं मऊ बंद सपाता. या सपाता आम्हीं नेल्या असत्या तर वरील हकीकत कदाचित् लिहावी लागली नसती. धुक्यांत धुतलेले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत. म्हणून आंतले कपडे पुण्याच्या हिशेबाच्या दुप्पट घ्यावेत. ओंठांस व टांचांस लावण्यास कांहीं तरी मलम असावें. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या आवर्तांमुळें भर हिवाळ्यांतही एखादा दिवस पाऊस पडतो, तेव्हां लहान छत्री बरोबर असूं द्यावी. आणि मुख्य म्हणजे, एक शाल, एक टोपी व पायमोजे हे हातांतल्या पिशवींत, सर्वांत वर. फलाटावर बॅग उघडण्याची पाळी वैऱ्यावरही येऊं नये.

एक गोष्ट न्यावयाची नव्हे, टाळावयाची आहे. थंडी सोसेना म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवून कधींही झोंपूं नये. त्या कोळशांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो. झोंपलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं. उत्तरेंत अशा दुर्घटना हिवाळ्यांत वारंवार घडतात.

धुराची गोष्ट निराळी. ऑक्टोबराच्या अखेरीपासून पुढें दोन-अडीच महिने दिल्लीची हवा फार वाईट असते. आसपासच्या प्रांतांत शेतांतील भाताचे खुंट जाळतात, त्यांत वाहनांचा व कारखान्यांचा धूर आणि बांधकामांची धूळ मिसळते. वारा पडलेला असतो, जमिनीलगतची गार हवा वर चढत नाहीं, आणि हें सारें शहरावर झांकणासारखें बसतें. नाकास रुमाल बांधून कांहीं होत नाहीं. घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टीच हवी. घरांत कोणास दम्याचा विकार असेल तर हे दिवस टाळावेत हें उत्तम.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाहीं, कारण मे-जूनमध्यें हौसेनें दिल्लीस जाणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या सफदरजंगला १६ जानेवारी १९३५ रोजीं पारा शून्याखालीं ०.६ अंश गेला होता, तेथेंच २९ मे १९४४ रोजीं तो ४७.२ अंशांवर चढला होता. जाणें भागच पडलें तर पांढरे सैल सुती कपडे, डोक्यास पंचा, उन्हासाठीं छत्री आणि कैरीच्या पन्ह्याचा अर्क एवढें न्यावें. कपडे थोडे पुरतात, कारण दोरीवर टाकलेला सदरा पहिली चहाची फेरी संपण्यापूर्वींच वाळतो. फिरणें सकाळीं नवाच्या आंत उरकावें. दुपारीं लू वाहते, तेव्हां घरांत पडून राहण्यांत कमीपणा नाहीं. जूनच्या अखेरीस पाऊस येतो तो कधीं एकदमच येतो. २८ जून २०२४ च्या सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत सफदरजंगला २२८.१ मिलिमीटर पाऊस झाला. या दिवसांत कातडी पादत्राणें घरीं ठेवून भिजलीं तरी चालतील अशीं न्यावींत. घामानें अंग चिकटतें, म्हणून जाड कापड नको.

जावें तें फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. राष्ट्रपति भवनाचें उद्यान, जें २०२३ पासून अमृत उद्यान म्हणून ओळखलें जातें, तें याच सुमारास लोकांस खुलें असतें. पण कपड्यांच्या दृष्टीनें हाच काळ सर्वांत फसवा. सकाळीं कोट लागतो, दुपारीं सुती सदराही जड होतो, आणि सूर्य मावळला कीं पुन्हां स्वेटराची आठवण होते. येथें वर सांगितलेलेच थर न्यावेत, फक्त थर्मल वगळावे. आणि उतरवलेला कपडा ठेवण्यास एक रिकामी कापडी पिशवी जवळ बाळगावी. ती नसली कीं सबंध हुमायूनच्या मकबऱ्यांत चार जणांचे स्वेटर घरच्या कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर येतात. हें अनुभवाचें बोलणें आहे.

हा अनुभव दुसऱ्या खेपेचा. २०२४ च्या मार्चमध्यें, होळी झाल्यावर, आम्ही पुन्हां दिल्लीस गेलों. मातोश्रींस डॉक्टरांनीं इतका लांबचा प्रवास करूं दिला नाहीं. दरबार भरला, पण या वेळीं आम्ही एका बाजूस गप्प बसलों होतों. वहिनींनीं आधीं गोधडी मागविली, ती मोठ्या बॅगेच्या तळाशीं स्वतःच्या हातानें घातली आणि मग उरलेल्या जागेंत आमचे कपडे बसतील तेवढे बसविले. मातोश्री पलंगावरून पाहत होत्या. “कांट्यावर नाहीं घातलीस ती?” एवढेंच त्यांनीं आम्हांस विचारलें.

दिल्लीस उन्हाळा सुरू झाला होता. करोलबागेंतल्या त्या खोलींत दुपारीं पंखा लागत होता आणि रजया कपाटांत गेल्या होत्या. आम्हीं गोधडी मावशींच्या हातीं दिली. त्यांनीं ती खाटेवर उलगडली, चष्मा लावला आणि मधला हिरवा तुकडा बोटांनीं शोधून काढला. कांठावरचीं रुईफुलें पार विरलीं होतीं. सून म्हणाली, “आई, आतां ही थंडीसाठीं वर ठेवून देऊं का?” मावशींनीं उत्तर दिलें नाहीं.

रात्रीं पाणी पिण्यास उठलों तेव्हां त्यांच्या खोलीचें दार उघडें होतें. वर पंखा चालूं होता आणि मावशी गोधडी गळ्यापर्यंत ओढून झोंपल्या होत्या.